न दिसणारी गाडी

ब्रिस्टलजवळच्या मँगट्सफील्ड जंक्शनवर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला एक नट जोडगाडीची वाट पाहत तासन्‌तास अडकून पडला होता. फलाट ओस पडलेला. बाथकडून ग्लॉस्टरकडे जाणारी जलद गाडी या स्टेशनात थांबत नसे, खरे तर ती स्टेशनात येतही नसे. शेजारून वळसा घालणारा एक फाटा होता, त्यावरून ती परस्पर निघून जाई. त्यामुळे फलाटावर बसलेल्या माणसाला लांबून गाडी येताना ऐकू येई, खडखडाट वाढत वाढत अगदी अंगावर येई, मग ओसरत दुसऱ्या टोकाला विरून जाई. समोरचे रूळ मात्र रिकामेच. गाडी आली, गेली आणि दिसली नाही. नट घरी गेला आणि आठवडाभरात त्याने नाटक लिहून काढले. नटाचे नाव आर्नल्ड रिडली आणि नाटकाचे नाव 'द घोस्ट ट्रेन'.

इंग्रज प्रेक्षकांच्या दोन पिढ्या या माणसाला दोन वेगळ्या कारणांसाठी ओळखतात, आणि पुष्कळांना ही दोन्ही माणसे एकच आहेत याचा पत्ता नसतो. आजोबांच्या पिढीला तो भुताच्या गाडीचा नाटककार म्हणून ठाऊक होता. नातवंडांना ठाऊक आहे तो बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेतला प्रायव्हेट गॉडफ्री : मऊ बोलणारा, सारखी लघुशंकेची परवानगी मागणारा, कवायतीत मधेच डुलकी काढणारा म्हातारा. एक यश वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी आले, दुसरे बहात्तराव्या. मधली त्रेचाळीस वर्षे बहुतेक लेखांत दोन वाक्यांत आटोपतात. वास्तविक नाटकाच्या धंद्यात माणूस कसा तगतो, लेखकाला त्याच्या लेखनाचे काय मिळते, आणि युद्धात मोडलेले शरीर घेऊन नट रंगमंचावर उभा कसा राहतो, याची उत्तरे त्या मधल्या काळातच आहेत.

रिडलीचा जन्म ७ जानेवारी १८९६ चा, बाथ शहरातला. वडील विल्यम रिडली यांचे बुटांचे दुकान होते, शिवाय ते व्यायाम, मुष्टियुद्ध आणि तलवारबाजी शिकवत. घरात नाटक नव्हते, तालीम होती. मुलगाही खेळाडू निघाला. बाथच्या रग्बी क्लबकडून तो खेळला, आणि पन्नाशी उलटल्यावर त्या क्लबचा अध्यक्षही झाला. ब्रिस्टल विद्यापीठात तो शिक्षक होण्यासाठी दाखल झाला होता. तिथे विद्यार्थ्यांच्या नाटकांत उभा राहिला आणि पाहता पाहता ब्रिस्टलच्या थिएटर रॉयलमध्ये 'प्रुनेला' नाटकात व्यावसायिक रंगभूमीवर आला. वय अठराच्या आसपास. हा मुलगा वेळेवर मास्तर झाला असता किंवा वेळेवर नट तरी झाला असता, पण १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि दोन्ही वाटा एकदमच बंद झाल्या.

भरतीसाठी तो लगेच गेला. पायाच्या बोटात व्यंग आहे म्हणून त्याला परत पाठवले. १९१५ मध्ये मात्र सैन्याची गरज इतकी वाढली की बोटाकडे कोणी बघेना, आणि रिडली सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीत दाखल झाला. १९१६ च्या सप्टेंबरात, सोमच्या लढाईत, गेदकूर गावाजवळ त्याची तुकडी जर्मन खंदकांत घुसली. समोरासमोरच्या झटापटीत त्याला काय काय झाले त्याची यादी वाचतानाही माणूस थबकतो : डावा हात जवळपास निकामी, जांघेत संगिनीची जखम, पायांत तोफगोळ्याचे तुकडे, आणि डोक्यावर जर्मन सैनिकाच्या बंदुकीच्या दस्त्याचा असा तडाखा की पुढे आयुष्यभर त्याला अधूनमधून भोवळ येऊन शुद्ध हरपत असे. १९१७ मध्ये लान्स कॉर्पोरल या पदावरून त्याला वैद्यकीय कारणाने मोकळे केले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

त्यानंतरचा एक प्रसंग त्याने म्हातारपणी सांगितला आहे. साध्या कपड्यांत तो रस्त्याने चालला असताना एका बाईने त्याच्या हातात पांढरे पीस ठेवले. त्या काळी इंग्लंडात लढायला न गेलेल्या तरुणांना भ्याड ठरवण्यासाठी बायका अशी पिसे वाटत. जखमी होऊन सुटलेल्या सैनिकांना सरकारने कोटावर लावायला चांदीचा बिल्ला दिला होता, तो अशांपासून वाचण्यासाठीच. रिडलीने बिल्ला लावला नव्हता. त्याने बाईला काही समजावले नाही, हातही दाखवला नाही. पीस घेतले आणि पुढे गेला.

हा प्रसंग बाजूला ठेवून देऊ. पन्नासेक वर्षांनी तो परत येणार आहे.

१९१८ मध्ये रिडली बर्मिंगहॅम रिपर्टरी थिएटरमध्ये दाखल झाला. बॅरी जॅक्सनने १९१३ मध्ये उभारलेले हे नाट्यगृह म्हणजे त्या काळच्या इंग्रज नटांची टाकसाळ होती. रिपर्टरी म्हणजे एकच नटसंच, आणि सतत बदलणारी नाटके. या आठवड्यात म्हातारा वकील, पुढच्या आठवड्यात घोड्यांचा दलाल, त्याच्या पुढच्यात शेक्सपिअरमधला निरोप्या. नायकाची भूमिका मिळो न मिळो, माणूस उभा कसा करायचा हे तिथे हाडात मुरत असे. चरित्र अभिनेता असाच घडतो. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांत वर्षानुवर्षे 'पडेल ते काम' करणारे जे नट होते, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे तो प्लिमथच्या कंपनीत गेला. पण जखमा डोके वर काढू लागल्या. डावा हात साथ देईना, आणि प्रयोगाच्या मध्येच भोवळ येईल ही धास्ती कोणत्याही नटाला परवडणारी नाही. त्याने रंगभूमी सोडली, बाथला परतला आणि वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाला बूट घालू लागला. फावल्या वेळात नाटके लिहीत होता. मँगट्सफील्डच्या फलाटावर बसलेला माणूस हा असा होता : नट म्हणून संपलेला, लेखक म्हणून सुरू न झालेला.

'द घोस्ट ट्रेन'चे कथानक गंमतशीर साधे आहे. कॉर्नवॉलमधल्या फाल व्हेल नावाच्या कल्पित आडस्टेशनात रात्री सहा प्रवासी अडकतात. कारण काय, तर टेडी डीकिन नावाच्या एका वात्रट तरुणाची टोपी खिडकीतून उडाली, त्याने साखळी ओढली, आणि पुढची गाडी चुकली. भांडून घटस्फोटाच्या वाटेवर असलेले एक जोडपे, नुकतेच लग्न झालेले दुसरे, पिंजऱ्यात पोपट घेऊन निघालेल्या मिस बोर्न नावाच्या अविवाहित बाई आणि हा वात्रट. स्टेशनमास्तर सॉल हॉजकिन त्यांना इथे थांबू नका म्हणून विनवतो. वीस वर्षांपूर्वी याच फाट्यावरची गाडी उघड्या पुलावरून नदीत कोसळली, आणि तेव्हापासून ती रात्री-अपरात्री इथून जाते. जो तिला पाहील तो मरतो. अंगावर काटा आणणारी सगळी सामग्री जमली की रिडली एक खट्याळपणा करतो : दारूला कधीही न शिवलेल्या मिस बोर्नना धीर यावा म्हणून ब्रँडी पाजली जाते, आणि नाटकातला सगळा थरार चालू असताना त्या बाई बाकावर गाढ झोपून राहतात.

शेवटी कळते की भूत नाहीच. बंद पडलेल्या मार्गावरून रात्री खरीच गाडी धावते, तिच्यातून चोरटी शस्त्रे नेली जातात, आणि लोकांनी फिरकू नये म्हणून भुताची अफवा पिकवली आहे. टोळीमागे रशियन बोल्शेविकांचा हात. वात्रट टेडी हाच खरा गुप्तहेर. १९२५ सालच्या ब्रिटिश मध्यमवर्गाला कशाची भीती वाटत होती, ते यातून नेमके कळते. पुढच्याच वर्षी देशभर सार्वत्रिक संप झाला. हेच कथानक १९४१ मध्ये पडद्यावर आले तेव्हा बोल्शेविकांच्या जागी नाझींचे हस्तक सहज बसले. खलनायक बदलला तरी गाडीला काही फरक पडला नाही.

साहित्य म्हणून हे नाटक थोर नाही. संवाद कामचलाऊ आहेत, जोडप्यांचे समेट ठरलेल्या वेळी होतात. तरीही ते चालले, आणि का चालले हे बघण्यासारखे आहे. रिडलीने प्रेक्षकांना गाडी दाखवलीच नाही. प्रतीक्षालयाचा एकच सेट, दारापलीकडे फलाट, आणि त्या फलाटावरून जाणारी गाडी निव्वळ आवाजातून व खिडकीवर झरझर सरकणाऱ्या उजेडातून उभी राहते. मँगट्सफील्डला त्याने जे ऐकले होते तेच त्याने प्रेक्षकांना ऐकवले.

आणि हा आवाज ध्वनिमुद्रित नव्हता. नाटकाच्या छापील प्रतीत तो कसा काढायचा याची कृतीच दिलेली आहे, एखाद्या पाकपुस्तकात असते तशी. रंगमंचाच्या मागे ठरावीक अंतरावर लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि त्यांवरून बागेतला लोखंडी रोलर ढकलायचा. रुळांच्या सांध्यांवरून चाके जाताना होणारा ठेका असा मिळतो. सोबत लोखंडी टाकी, मोठा ढोल, तारेच्या ब्रशने वाजवायचा छोटा ढोल, दुधाचे रिकामे कॅन, गडगडाटासाठी टांगलेला पत्रा, शिट्ट्या, आणि वाफेच्या फुसफुशीसाठी दाबलेल्या हवेची नळकांडी. प्रत्येक वस्तूवर एक माणूस, आणि कोणी केव्हा सुरू करायचे, वेग केव्हा वाढवायचा, कोणी आधी थांबायचे हे सगळे एखाद्या वाद्यवृंदासारखे बांधलेले. विंगेतला गोंधळ रोज रात्री हुकमी जमला पाहिजे. एक ढोल मागे राहिला की गाडी रुळावरून घसरलीच. रिडली रिपर्टरीत वाढला होता, म्हणून त्याला हे सुचले. पाठीमागे कोण उभे असते आणि त्यांच्याकडून काय करून घेता येते हे लेखकांना सहसा माहीत नसते, नटांना असते.

ब्रायटनला आधी प्रयोग झाले. २३ नोव्हेंबर १९२५ रोजी नाटक लंडनच्या सेंट मार्टिन्स थिएटरात लागले आणि १९२७ पर्यंत सहाशेंहून अधिक प्रयोग झाले. (याच नाट्यगृहात १९७४ पासून अगाथा ख्रिस्तीचे 'माउसट्रॅप' मुक्काम ठोकून आहे. ओसाड जागी अडकलेले प्रवासी आणि त्यांच्यातच लपलेला कुणीतरी, हा माल या इमारतीला मानवतो म्हणायचा.) मग दौरे, परदेशी भाषांतली रूपांतरे आणि चित्रपट. १९२७ मध्ये ब्रिटिश-जर्मन भागीदारीत गेझा फॉन बोल्वारीने मूकपट काढला. भुताच्या गाडीवरचा मूकपट! ज्या नाटकाचा प्राण आवाजात आहे त्यातून आवाज काढून घेण्याचे हे धाडस कौतुकास्पद की वेडगळ, हे ज्याचे त्याने ठरवावे. १९३१ मध्ये वॉल्टर फोर्डने जॅक हलबर्ट आणि सिसली कोर्टनीज यांना घेऊन बोलपट केला, त्याची आज अर्धीमुर्धी रिळेच शिल्लक आहेत. दहा वर्षांनी त्याच फोर्डने विनोदी नट आर्थर आस्कीला घेऊन तो पुन्हा केला.

यश मिळाल्यावर लेखक जे करतो ते रिडलीने केले : तोच माल पुन्हा मांडला. बर्नार्ड मेरिव्हेलसोबत लिहिलेले 'द रेकर' हे १९२७ चे नाटक पुन्हा रेल्वेवरचे, या वेळी गाड्या पाडणाऱ्या घातपात्याचे. नाटकापेक्षा त्याचा चित्रपट जास्त गाजला, आणि तोही एका दृश्यासाठी. १९ ऑगस्ट १९२८ च्या रविवारी हॅम्पशरमधल्या हेरिअर्डजवळ चित्रपट कंपनीने खरे इंजिन आणि खरे डबे उतारावरून सोडून दिले आणि वाफेच्या लॉरीवर आदळवले. एकच संधी, दुसरा टेक नाही. ज्याने रोलर आणि ढोल यांच्यावर गाडी चालवली होती, त्याच्या दुसऱ्या गाडीसाठी खरे इंजिन मोडावे लागले, आणि तरी पहिली गाडीच लोकांच्या लक्षात राहिली.

'कीपर्स ऑफ यूथ' हे १९२९ चे शाळेवरचे नाटक मात्र वेगळ्या जातीचे आहे, मास्तरकी शिकायला निघालेल्या तरुणाची आठवण त्यात कुठेतरी असावी. त्याच वर्षीचे 'द फ्लाइंग फूल', १९३२ चे 'रेसिपी फॉर मर्डर', पुढे 'ईझी मनी', 'बेगर माय नेबर', 'टॅबिथा' अशी त्याची तिसाहून अधिक नाटके झाली. बऱ्याच नाटकांचे चित्रपट निघाले. 'बेगर माय नेबर'वरून ईलिंग स्टुडिओने १९५३ मध्ये काढलेला 'मीट मिस्टर ल्युसिफर' तर दूरचित्रवाणी घराघरांत कसा घोळ घालते यावरचा उपहास होता. पंधरा वर्षांनी त्याच दूरचित्रवाणीने रिडलीला हात दिला, हा योगायोग त्याच्या एखाद्या नाटकात असता तर समीक्षकांनी ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

इतकी नाटके, इतके चित्रपट, आणि तरी माणूस श्रीमंत का झाला नाही? १९३० च्या दशकात त्याला स्वतःची चित्रपट कंपनी काढायची हुक्की आली. 'रॉयल ईगल' हा १९३६ चा चित्रपट तयारही झाला. पण पैशाची बाजू कोसळली, कंपनी बुडाली आणि देणी अंगावर आली. याच ओढगस्तीत त्याने 'द घोस्ट ट्रेन'चे हौशी प्रयोगांचे हक्क एकरकमी, तुटपुंज्या किमतीला विकून टाकले. हा व्यवहार नीट समजून घ्यायला हवा. व्यावसायिक नाटकाचे आयुष्य दोन-पाच वर्षांचे. त्यानंतर ते गावोगावच्या हौशी मंडळांकडे जाते, चर्चच्या सभागृहांत, शाळांत, कारखान्यांच्या नाट्यशाखांत होत राहते, आणि दर प्रयोगामागे लेखकाला थोडे थोडे मानधन येत राहते. आपल्याकडेही हौशी संस्थांकडून येणाऱ्या परवानगीच्या पैशांवर नाटककारांच्या म्हातारपणाचा थोडा तरी आधार असतो. 'द घोस्ट ट्रेन' नेमके हौशी मंडळांचे लाडके नाटक झाले : एकच सेट, सर्व वयांची पात्रे, आणि मागे ढोल बडवायला क्लबातल्या सगळ्यांना काम. ब्रिटनमध्ये ते आजही होते. त्यातला जो ओघ लेखकाच्या घरी यायचा, तो लेखकाने स्वतःच्या हाताने वळवून दिलेला होता. देणी फेडण्यात पुढची कित्येक वर्षे गेली.

१९३९ मध्ये दुसरे युद्ध सुरू झाले तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा, निकामी हाताचा रिडली पुन्हा सैन्यात गेला. सेकंड लेफ्टनंट म्हणून त्याला नेमणूक मिळाली, काम होते फ्रान्समध्ये युद्ध-वार्ताहरांना सोबत करण्याचे. लढाईपासून तसे लांबचे. पण फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाऊल पडताच पहिल्या युद्धातला तो जुना कंप, ती जुनी भीती परत आली, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या दिवसांबद्दल तो फार बोलत नसे. १ मे १९४० रोजी लंडनच्या व्हॉडव्हिल थिएटरात त्याने केलेले अगाथा ख्रिस्तीच्या 'पेरिल ॲट एंड हाउस'चे नाट्यरूपांतर उघडले, पॉइरोच्या भूमिकेत फ्रान्सिस एल. सलिव्हन. तेवीस प्रयोगांत ते बंद पडले. त्याच महिन्यात जर्मन फौजा किनाऱ्यापर्यंत पोहोचल्या आणि रिडली बुलोन बंदरातून 'व्हिमिएरा' या विनाशिकेवर कसाबसा इंग्लंडला परतला. प्रकृतीच्या कारणाने त्याने कमिशन सोडले. मग काय केले? सैनिकांसाठी नाटके करणाऱ्या 'एन्सा' या संस्थेत काम धरले, आणि केटरहॅममध्ये होमगार्डात भरती झाला. म्हणजे पुढे ज्या म्हाताऱ्यांच्या पलटणीची गंमत त्याने पडद्यावर केली, त्या पलटणीत तो खरोखरच उभा राहिला होता.

युद्धानंतरची वीस वर्षे झटपट सांगण्यासारखी आहेत, कारण कामकरी नटाची वर्षे तशीच असतात. अभिनेत्री अल्थिया पार्करशी तिसरे लग्न, एक मुलगा, लिहिणे सुरू, पण थरारनाटकांची फॅशन सरलेली. १९५६ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्टात 'लुक बॅक इन अँगर' हे नव्या वळणाचे नाटक आले आणि रिडलीच्या जातीचे नाटककार एका हंगामात जुने झाले. तो कुरकुरत बसला नाही. आवाज शाबूत होता आणि चेहऱ्यावर वय छान बसले होते. बीबीसी रेडिओच्या 'द आर्चर्स' या ग्रामीण मालिकेत डोई हुड नावाचा बेकरीवाला, 'क्रॉसरोड्स' मालिकेत पाद्री, इकडे एखादा न्यायाधीश, तिकडे एखादा दुकानदार. डावा हात खिशात किंवा टेबलाखाली. आणि त्याचा हात तसा का असतो, हे पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

१९६८ मध्ये जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी 'डॅड्स आर्मी' आणली. मे १९४० मध्ये युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून हाक दिली आणि वयाने किंवा प्रकृतीने सैन्यात जाऊ न शकणाऱ्यांची जी गावोगावची होमगार्ड दले उभी राहिली, त्यांच्यावरचा हा विनोद. पेरी स्वतः पोरवयात होमगार्डात होता. वॉल्मिंग्टन-ऑन-सी नावाचे कल्पित किनारी गाव, बँक मॅनेजर मेनवेअरिंग कप्तान आणि हाताखाली खाटीक, दफनविधीवाला, बँकेचा कारकून. नटसंचाची गंमत अशी की सर्वांत म्हातारा दिसणारा खाटीक जोन्स रंगवणारा क्लाइव्ह डन जेमतेम अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. खरोखर म्हातारे दोघेच : जॉन लॉरी आणि आर्नल्ड रिडली. दोघेही पहिले महायुद्ध लढलेले.

गॉडफ्री हे पात्र कागदावर फारसे नव्हते. निवृत्त दुकानसेवक, सिसी आणि डॉली या बहिणींबरोबर राहणारा, खिशात बहिणीने केलेल्या केकचे तुकडे, आणि कोणत्याही आणीबाणीच्या क्षणी अतिशय संकोचाने 'जरा जाऊन येऊ का' विचारणारा. एका विनोदाचे पात्र. हे पात्र दुसऱ्या कुणा नटाने तोंड वेडेवाकडे करून संपवले असते. रिडली काही करत नसे. तो मागे उभा राही, किंचित हसे, आणि त्याची पाळी आली की आवाज आणखी खाली नेई. बाकीचे सगळे ओरडत असताना त्या एका कुजबुजीसाठी प्रेक्षक कान टवकारत. नऊ मालिका, ऐंशी भाग, १९७७ पर्यंत. भरात असताना प्रेक्षकसंख्या एक कोटी ऐंशी लाखांवर. नॉरफकमधल्या थेटफर्डला बाह्यचित्रण असे. तिथे धावण्या-उड्यांची दृश्ये आली की गॉडफ्रीला जोन्सच्या गाडीत बसवून ठेवण्याची सोय लेखकांनी करून ठेवली होती. सत्तरीतल्या माणसाच्या दुखऱ्या अंगाची ती काळजी पडद्यावर पात्राचा स्वभाव म्हणून दिसते.

१९६९ च्या नोव्हेंबरात 'ब्रँडेड' हा भाग प्रसारित झाला. ऐंशी भागांत हा एकच पाहायचा ठरवला तरी चालेल. गॉडफ्री मेनवेअरिंगकडे राजीनामा घेऊन येतो. घरात उंदीर होता, त्याला मारायचे होते, आणि मारवले नाही. तेव्हा मी माणसे कशी मारणार? मग बोलता बोलता तो सांगतो की पहिल्या युद्धातही त्याने लढायला नकार दिला होता. तत्त्वाने नकार देणाऱ्यांना तेव्हा तुरुंगात टाकत, रस्त्यात थुंकत. मेनवेअरिंगचा चेहरा दगडी होतो. पलटण बोलेनाशी होते, कोणी शेजारी बसत नाही. मालिका आपली नेहमीची खुसखुशीत लय मोडते, आणि हसू थांबलेल्या त्या मिनिटांत रिडली काय करतो ते पाहावे. तो दुखावलेला दिसत नाही. तो समजून घेत असल्यासारखा दिसतो, जणू ही माणसे अशीच वागणार हे त्याला आधीपासून ठाऊक होते.

पुढे धुराने भरलेल्या झोपडीतल्या सरावात मेनवेअरिंग गुदमरून पडतो आणि त्याला ओढून बाहेर काढतो तो गॉडफ्री. आजारी पडलेल्या गॉडफ्रीला भेटायला मंडळी त्याच्या घरी जातात. पलंगाच्या वर एक फोटो : गणवेशातला तरुण गॉडफ्री, छातीवर मिलिटरी मेडल. लढणार नाही म्हणणारा हा माणूस वैद्यकीय पथकात स्ट्रेचरवाहक झाला होता आणि सोमच्या लढाईत गोळ्यांच्या वर्षावात जखमींना उचलून आणत होता. ही गोष्ट तो स्वतः सांगत नाही, बहीण सांगते. पदक का लावत नाही म्हणून विचारले तर त्याचे उत्तर साधारण असे, की त्यात मिरवण्यासारखे काही वाटले नाही.

सोम. पदक न लावणे. भ्याड म्हणवून घेणे आणि प्रतिवाद न करणे. १९१७ नंतरचा तो रस्ता, ते पीस, कोटावर न लावलेला बिल्ला, हे सगळे त्या पलंगाजवळच्या दृश्यात हजर आहे. भाग लिहिणाऱ्यांच्या मनात ते होते असे म्हणायची गरज नाही. पलंगात जो नट पडला होता त्याचा डावा हात त्याच लढाईने घेतला होता, एवढे पुरे. न मारलेला उंदीर आणि बहिणीचे केक यांतून उभ्या केलेल्या एका विनोदी पात्राला त्या दिवशी जे वजन आले, ते संहितेत शोधून सापडणार नाही.

यश उशिरा आले तरी कामे भरपूर आली. १९७१ मध्ये 'डॅड्स आर्मी'चा चित्रपट, नंतर रेडिओवरचे भाग, १९७५ मध्ये शाफ्ट्सबरी थिएटरातला रंगमंचीय खेळ. ऐंशीच्या उंबरठ्यावर रिडली पुन्हा वेस्ट एंडच्या विंगेत उभा होता, 'द घोस्ट ट्रेन'नंतर पन्नास वर्षांनी. १९८२ च्या नववर्षाच्या सन्मानयादीत त्याला ओबीई मिळाला. १२ मार्च १९८४ रोजी लंडनमधल्या नॉर्थवुडमध्ये तो वारला, वय अठ्ठ्याऐंशी. रक्षा बाथमध्ये, आईवडिलांच्या कबरीत. अलीकडे त्याचे नाव नव्या पिढीसमोर आले ते 'स्टार वॉर्स'मधल्या डेझी रिडलीमुळे, ती त्याच्या भावाची नात.

त्याने आत्मचरित्र लिहिले होते, ते छापले गेले नाही. त्याला त्याने दिलेले नाव होते 'द ट्रेन अँड अदर घोस्ट्स' : गाडी आणि इतर भुते. २००९ मध्ये त्याचा मुलगा निकोलस याने वडिलांवर पुस्तक काढले, आणि त्याच्या मुखपृष्ठावर भूत राहिले, गाडी गेली. 'गॉडफ्रीज घोस्ट'.